शून्य मीटर

ड्रेसची चेन कमरेपर्यंत आली आणि अडून बसली. तिनं श्वास आत ओढला, पोट आत ओढलं. चेन ढिम्म हलेना.

पलंगावर सात महिन्यांचा लेक अंगठा चोखत हा तमाशा बघत होता.

"हसू नकोस," ती त्याला म्हणाली. "तुझेच प्रताप आहेत हे."

सोमवारी तिची रजा संपत होती. पहिल्या दिवशी हाच निळा ड्रेस घालून कामावर जायचं, हे कधीचं ठरलेलं. नवा घ्यावा, तर 'पुन्हा' नावाच्या ॲपला वर्षभर नवे कपडे न घेण्याचा शब्द देऊन बसलेली. तीनशे चाळीस दिवस पाळलेला शब्द. आणि तेच ॲप रोज सकाळी टोचायचं : 'निळा ड्रेस चौदा महिने घातला नाही. कुणाला देऊन टाकता का?'

ड्रेस सासूबाईंनी शिवलेला. पण घेर वाढल्याचं शिवणाऱ्या बाईलाच कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात सासूबाईच दारात आल्या. चाळीस वर्षं लोकांची मापं घेऊन त्यांच्या नजरेचीच टेप झाली होती. तिनं घाईघाईनं ओढणी पुढे घेतली.

"काय म्हणतेय तुझी फोनमधली बाई?"

"ॲप आहे हो आई ते. तुमच्याही फोनमध्ये घालून दिलंय की."

"मला काय कळतंय त्या डबड्यातलं?"

"हा देऊन टाकावा म्हणते." तिनं ड्रेसकडे न बघताच सांगितलं.

"दे की. अडगळ नुसती." आणि त्या निघूनही गेल्या.

एवढं सहज? तिला ते लागलंच. कपडे बदलून तिनं ड्रेसचा फोटो काढला, 'देऊन टाका' दाबलं आणि लेकाच्या दुपट्यानं डोळे पुसले.

पाच मिनिटांत फोन वाजला. 'एक मागणी आली आहे. अंतर : शून्य मीटर.'

बिघडलं वाटतं, असं म्हणत ती नकार देणार, तोच खालची ओळ दिसली. 'हा कपडा तुम्हाला का हवा?' या प्रश्नाला मागणाऱ्या बाईंनी सविस्तर उत्तर दिलं होतं :

'सुनेला सोमवारी घालायचा आहे. दोन्ही शिवणींत दोन-दोन बोटं कापड जास्तीचं आहे. आज ना उद्या लागेल म्हणून शिवतानाच ठेवलं होतं. माप द्यायला ये. श्वास सोडून ये.'