मितभाषी मुलगा

"पाहुणे बघायला आले की तोंड मिटून बसायचं गं, मैने," वेणी घालताना आजी सांगायची. त्या शब्दाला जागून सई, स्वतः दातांची डॉक्टर, पिपलानी वसाहतीतल्या घरच्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांपुढे गप्प बसली होती.

"जरा हसून दाखव बेटा, दात बघू," मुलाची आई म्हणाली. सई हसली. दात पसंत पडले.

"आमचा अमोल म्हणजे एकदम सीधा. बोलणं मोजकं, खाणं त्याहून मोजकं. आणि व्यसन म्हणाल तर दिवसभर एक सुपारी, बस! ती तर देवालाही चालते."

मोजकं खाणारा अमोल मान खाली घालून, चिमणीच्या चोचीत मावतील एवढेच पोहे एकेका वेळी ओठांतून आत सरकवत होता. जिलबीचा तर त्यानं आधी चुराच करून घेतला.

"तुला काही विचारायचंय का गं त्याला?"

सईनं मनातल्या मनात आजीची माफी मागितली.



"काकू, आता यांनाही तोंड उघडायला सांगा. एकावर एक धरलेली तीन बोटं आत जात नसतील, तर हा अबोला स्वभावाचा नाही, सुपारीनं आवळलेल्या जबड्याचा आहे. मुहूर्त आधी उपचाराचा काढा."