झोळी इंटरनॅशनल

अनुदानाचा अर्ज मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास स्वीकारला गेला. सही झाली, शिक्का बसला, तारीखही पडली. आता हे वाचलंच नाही असं समजा, कारण मंगळवारी सकाळी आंजी गावात कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

सकाळी पंचफुलाबाई स्टुलावर चढून मंडपवाल्याचं गुलाबी कापड डोक्यावर ताणत होत्या. पाळणाघराच्या छपराची चौदा टिनं वैशाखातल्या वादळानं उचलून नेली होती. त्यातली तीन सापडली, ती लोकांच्या गोठ्यांवर. आमच्या गोठ्यावर आधीपासूनच टिन होतं, असं गोठेवाल्यांचं म्हणणं पडलं.

छत नाही तर पाळणाघर बंद. पाळणाघर बंद तर अकरा पोरं परत आयांसोबत वावरात. गेल्या साली निंदणाला जाणाऱ्या कांताच्या पोराला वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच्या झोळीत विंचू चावला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात सहा दिवस काढून ते परत आलं, तेव्हा पंचफुलाबाईंनी हे सुरू केलं. नाव ठेवलं 'झोळी'. आत अकरा झोळ्या टांगलेल्या. दुसरं काही सुचायचं कारण नव्हतं.

नाव मोठं केलं शुभमसरांनी. अनुदान कसं मिळवावं, याचं ते वर्ध्याला शिबिर घेत.

"काकू, झोळी म्हटलं की लोक पाच रुपये टाकतात. फाउंडेशन म्हणा."

म्हणून बोर्डावर 'झोळी इंटरनॅशनल फाउंडेशन' आलं. शिबिराच्या फीमध्ये एकशे एक देणगीदारांची यादीही मिळाली. शंभर ठिकाणी अर्ज गेले. नव्वद ठिकाणांहून काहीच आलं नाही, नऊ ठिकाणांहून नकार आला आणि एका ठिकाणाहून दिवाळीचं शुभेच्छापत्र. एकशे एकावं नाव झेरॉक्समध्ये पुसट आलं होतं.

आणि सोमवारी फोन वाजला.

"मी ताराचंद बोलून राह्यलो. अनुदानाच्या कामासाठी येतो उद्या. तुमची संस्था पाहाची आहे."

शुभमसरांचे नियम दोनच. रडायचं नाही आणि आपल्या तोंडानं मागायचं नाही. "रडक्या संस्थेले कोणी देत नाई, काकू. थाटात राहा. विषय समोरच्यालेच काढू द्या."

पोरं सांभाळणारी शालू फाट्यावर वर्ध्याच्या बाजूला डोळे लावून उभी होती. साहेब म्हणजे नागपूरहून, वर्ध्याकडूनच येणार. साहेब उतरले ते आर्वीकडून आलेल्या एसटीतून. चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

"साधेच दिसतात वं मावशी," ती दारात कुजबुजली.

"मोठे लोक असेच राह्यतात. या साहेब, या!"

ताराचंदसाहेबांनी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"नमस्कार, मॅडम," ते म्हणाले.

मग पंचफुलाबाईंनी मागं वळून पाहिलं.

साहेब उसन्या खुर्चीवर बसले. वही काढली. वर बघितलं.

"मंडप काऊन लावला?"

"पोरायले गुलाबी रंग आवडते."

"अन् टिनं?"

"टिनानं गरम होते. काढून टाकलं."

"चांगलं टिन काढून टाकलं?" साहेबांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी ते वहीत लिहिलं.

चहा ठेवायचा होता. दूध अर्धा लिटर होतं, पोरांचं. पंचफुलाबाईंनी शालूकडे पाहिलं. शालूनं झोळ्यांकडे पाहिलं आणि गॅस पेटवला.

साहेबांनी एक घोट घेतला आणि कपात बघत राहिले.

"पाणी नाई याच्यात?"

"आमच्याकडे असाच होते चहा."

"रोज?"

"रोज."

साहेबांनी 'रोज' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. मग कप दोन्ही हातांनी धरून सावकाश संपवला, बशीतलाही.

"अजून घ्या, साहेब."

घेतला. पातेलं रिकामं झालं. तिसऱ्या झोळीत एक पोरगं रडायला लागलं.

"भूक लागली असन त्याले," साहेब म्हणाले.

"नाई नाई. झोप आली."

पोराला ते पटलं नाही. शालूनं त्याला उचलून बाहेर नेलं.

पुढचा अर्धा तास कोणीच विषय काढला नाही. उन्हावर बोलणं झालं, एसटीवर झालं, पुन्हा उन्हावर झालं. पंचफुलाबाईंच्या जिभेवर चौदा टिनं येऊन बसली होती, पण नियम म्हणजे नियम. साहेबही दोनदा घसा खाकरून पुन्हा उन्हावरच आले.

शेवटी आर्वीच्या गाडीची वेळ झाली तसे ते उठले आणि पिशवीतून कागद काढला. एकासारखे एक, दोन.

"मॅडम, मले तोंडानं बोलाले जमत नाई. लिहूनच आणलं."

पंचफुलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शंभर पत्रं लिहिली होती. पण कागद घेऊन चालत आलेला माणूस हा पहिलाच.

"एकावर पोच द्या फक्त."

त्यांनी सही केली. इंटरनॅशनलचा शिक्का शंभर अर्जांनंतर नुसता पडून होता, तो दाबून मारला. तारीखही घातली. साहेबांनी आपली प्रत घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, "लई आशेनं आलतो, मॅडम. आता काळजी मिटली."

"आमची बी," पंचफुलाबाई म्हणाल्या.

गाडी गेली. शालू पोराला घेऊन आत आली. ते अजून रडतच होतं.

"वाच वं शालू," पंचफुलाबाई म्हणाल्या. चष्मा फुटून महिना झाला होता. "मोठ्यानं वाच. पोरायले ऐकू दे."

शालूनं पोराला कडेवर सावरलं आणि वाचायला सुरुवात केली.

"प्रति, माननीय अध्यक्षा, झोळी इंटरनॅशनल फाउंडेशन. महोदया, शुभमसरांच्या देणगीदारांच्या यादीत एकशे एकाव्या क्रमांकावर आपल्या संस्थेचे नाव वाचले. आष्टी तालुक्यातील आमच्या बालवाडीत सतरा बालके असून गेल्या दोन महिन्यांपासून त्यांना दूध देणे शक्य झालेले नाही. तरी आपल्या फाउंडेशनने रोज दोन लिटर दुधाची तरतूद करावी, ही नम्र विनंती."