डब्याशेजारची बाटली

फरशी साफ करायच्या औषधाचं पिंप उघडताना एक थेंब उडाला आणि त्याच्या उजव्या डोळ्याची आग आग झाली. डोळे धुवायच्या नळापुढे छतापर्यंत खोकी रचलेली. रिकामी जागा दिसली की माल लावायचा, हा गोदामाचा धर्मच. तेवढ्यात फोर्कलिफ्ट चालवणारा त्याचा दोस्त धावत आला. त्याने याच्या जेवणाच्या डब्याशेजारची पाण्याची बाटली उचलली, याचं डोकं मागे धरलं आणि अख्खी बाटली दोन्ही डोळ्यांवर ओतली.

आता दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर बाहेर बायकोला काय बोलले, ते त्याने दाराआडून ऐकलं होतं: दोन्ही डोळे गेले.

"थेंब एकाच डोळ्यात गेला होता ना रे? मग दुसरा कसा गेला?" खाटेपाशी बसलेल्या दोस्ताचा आवाज चिरकला. "मी क्षणाचाही उशीर केला नाही. पाणी कमी पडलं का?"

"असं नका म्हणू, भावजी," बायको म्हणाली. "देवासारखे धावून आलात तुम्ही."

तो पडून ऐकत होता. न्हाणीघराची फरशी पिवळी पडली म्हणून ती कधीची मागे लागली होती. त्या सकाळी त्याने पाण्याची बाटली मोरीत रिकामी केली होती आणि त्याच पिंपातलं, पाण्यासारखंच दिसणारं औषध गुपचूप तिच्यात भरून डब्याशेजारी ठेवलं होतं.

त्याने चाचपडत दोस्ताचा हात धरला.

"हो रे," तो म्हणाला, "पाणीच कमी पडलं."