हेमांगीची साक्ष

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या यंत्रातून हेमांगीने आपलं नाव सांगितलं, तशी सुमित्राबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. हुबेहूब लेकीचाच आवाज! हल्ली खुनाच्या खटल्यात मेलेल्या माणसालाच साक्षीला उभं करत. घरातल्या यंत्रांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या त्याच्या बोलण्यातून तो माणूस पुन्हा घडवत.

समोर आरोपी म्हणून जावई उभा होता. त्याच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "त्या दिवशी चूक कुणाची होती, ताई?"

"माझीच. मी उलट बोलले. गप्प बसले असते, तर त्यांनी हात कशाला उचलला असता?"

"ऐकलंत ना साहेब? तिनेच डिवचलं. ती स्वतःच सांगतेय," म्हणत वकील समाधानाने खाली बसला.

सुमित्राबाईंना राहवेना. त्या ताडकन उठल्या. "अगं, आता कुणाला घाबरतेस? मेलीस तू! आतातरी खरं बोल!"

तेवढ्यात जावई सवयीने खाकरला.

"आई," हेमांगी एकदम कुजबुजली, "हळू बोल ना. ते घरात आहेत."