गाडीतला दिवा

प्रकाश आधी भातखाचरांच्या पाण्यावर उतरला आणि तिथे बराच वेळ थांबला. मग तो बांधावरच्या नारळींच्या बुंध्यांवरून वर सरकला, गल्लीतल्या तांबड्या विटांच्या भिंतींवर पसरला, त्यांच्या शेवाळात मुरला आणि अखेरीस, काहीसा संकोचून, फाटकाबाहेरच्या निळ्या गाडीच्या काचेपर्यंत आला. रोजचाच प्रकाश होता. पण न्येपीचा, वर्षारंभीच्या मौनव्रताचा, दिवस आणि त्यानंतरची रात्र नुकतीच सरली होती. त्या अवधीत गावात कुणी दिवा लावला नव्हता, चूल पेटवली नव्हती, उंबरठा ओलांडला नव्हता. अर्दिकाला त्या उजेडाकडे नीट पाहवेना.

त्याने किल्ली फिरवली. गाडीतून एक कोरडा आवाज आला. पुन्हा फिरवली, तेव्हा तोही आला नाही.

रस्मिनीला, आपल्या बायकोला, तो दुपारच्या आत सिदेमेनहून घेऊन येणार होता. न्येपीच्या आदल्या संध्याकाळी ती माहेरी गेली होती. “दोन दिवसांसाठी,” असे त्याने आईला सांगितले होते. त्या संध्याकाळी घरच्या देवळातली पूजा टाकून कुणाची सून माहेरी जात नाही, हे आई बोलली नव्हती, आणि ती बोलली नाही याबद्दल तो मनातून कृतज्ञ होता.

शेजारच्या सुवेनाकाकांनी आपली गाडी आणून समोरासमोर उभी केली, मध्ये वीतभर अंतर ठेवून. न्येपीची राखण करून आलेल्या काकांच्या कमरेला अजून काळ्यापांढऱ्या चौकटींची लुंगी होती.

“बॅटरी बसलीय. आतला दिवा राहिला होता तुझा. राखणीला फिरताना पाहिला मी. अख्ख्या गावात काय तो तुझाच उजेड!”

“मग विझवायचा ना, काका.”

“राखणदारानं लोकांच्या गाड्या उघडायच्या? आणि तू काय झोपला होतास?”

अर्दिका झोपला नव्हता. फाटकाच्या फटीतून तो दिवा त्याला दिसत होता. आधी पांढरा, मग पिवळा, मग राखेतल्या निखाऱ्यासारखा, मग नाही. बाहेर पाऊल टाकणे निषिद्ध होते. निषिद्ध आहे तेच बरे, असे त्याला अंधारात वाटून गेले होते. पहाटे त्याने गाडीचे मागचे अर्धवट लागलेले दार आत न पाहता लावून घेतले होते.

काकांनी तारा सोडवल्या. लाल चिमटा त्याच्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल स्वतःच्या प्लसला, काळा स्वतःच्या मायनसला. उरलेला काळा त्यांनी अर्दिकाच्या हाती दिला. तो बॅटरीकडे वाकताच त्यांनी मनगट धरले.

“अरे बाबा, तिथं नको! ठिणगी उडाली तर बॅटरी फुटून तोंडावर येईल. लांब लाव. तिकडं, इंजिनच्या त्या उघड्या बोल्टावर.”

मग काकांनी आपले इंजिन सुरू केले. आता थोडा वेळ थांबायचे होते.

“आज क्षमा मागायचा दिवस,” लुंगीला हात पुसत काका म्हणाले. “तिची माग बरं का. घरात शिरायच्या आधी.”

“मागेन.”

“मीही मागून टाकतो. तुझी.”

अर्दिका हसला. “तुम्ही काय केलंत?”

“तिच्या शिलाई मशीनची एक बाजू मी धरली होती.”

अर्दिका बोल्टाकडे पाहत राहिला.

“परवा संध्याकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला होता. तो दोर बांधत होता, आणि हिला एकटीला तुझ्या मागच्या सीटवरून मशीन निघेना. मी हात लावला. दार तिनं कमरेनंच ढकललं. लागलं नाही म्हणजे नीट.”

“दुरुस्तीला नेली असेल.”

“दुरुस्त करून तूच नाही का आणलीस?”

त्यानेच आणली होती. तेव्हापासून शिलाई मशीन गाडीतच होती. शिवणाची कामे धरायची म्हणून रस्मिनी रोज म्हणे, आत आणून द्या. तो रोज म्हणे, उद्या.

“मला म्हणाली, काका, सांगू नका. काल न्येपीत सगळ्यांनीच गप्प बसायचं, तेव्हा सोपं गेलं. आज नाही जमत.”

“तिकडं आईचे कपडे शिवायचे असतील तिला.”

“असतील,” काका म्हणाले. “मार किल्ली.”

गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. काकांनी चिमटे लावल्याच्या उलट क्रमाने काढले, बोल्टावरचा काळा आधी, आणि तारा गुंडाळल्या.

“आता तासभर बंद करू नकोस. तिच्या दारात उभा राहिलास तरी चालूच ठेव. तिथं कोण येणार तुला तारा लावायला?” गुंडाळी काखेत मारून त्यांनी विचारले, “केलंस ना माफ?”

अर्दिकाने मान हलवली. काकांनी आपली गाडी मागे घेतली. समोरचा रस्ता मोकळा झाला. पुढे सारी उतरण होती, तरी त्याने गियर टाकला नाही.

फाटकातून आई बाहेर आली. तिच्या एका हातात पूजेचा नवा द्रोण होता, तांदळाचे दाणे आणि दोन फुले असलेला. तो तिने काचेमागे नीट ठेवला आणि गाडीवर पाणी शिंपडले.

“आता लागलीच नीघ. रस्मिनीचा भात झाकून ठेवते.”

अर्दिकाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“नको ठेवूस, आई,” तो म्हणाला. “ती घर सोडून गेलीय.”