शुभ आवाज

दार उघडताच वर टांगलेलं विंड चाइम किणकिणलं. "फेंगशुईवाल्यांनी सांगितलं म्हणून लावलंय. घर कसं हलकं झालंय बघ," धाकटा भाऊ ताईला कौतुकाने म्हणाला.

ताई तडक आईच्या खोलीत शिरली. लकव्याने आईची वाचा गेली होती, एक हात तेवढा हलायचा. ओठ सुकून त्यांवर पापुद्रे धरले होते. पाण्याचा पेला पार कपाटावर, आणि उशाशी असायची ती पितळी घंटा कुठेच दिसेना.

"हिची घंटा कुठाय रे?"

"काढून टाकली. ऊठसूट वाजवायची. आजारी माणसाच्या घंटेने घरात निगेटिव्ह एनर्जी साठते म्हणे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ चहा टाकायला गेला तशी तिने स्टूल ओढलं, दारावरचं विंड चाइम हिसडून काढलं आणि आईच्या पलंगाच्या दांडीला करकचून बांधलं.

"वाजव, आई. कुणाची भीड ठेवू नकोस."

खणखणाटाने घर दणाणलं.

"ताई, दार उघडं टाकलंस का गं?" भाऊ स्वयंपाकघरातून ओरडला. "केवढं वाजतंय ते!"

"दार नाही, तुझी निगेटिव्ह एनर्जी वाजवतेय! पाणी हवंय तिला."