कोसळली

“तुमच्याच जबाबात आहे, बाई.” साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. “वाचा. ‘भर दुपारी वीज कोसळली.’ आता आभाळातल्या विजेची भरपाई आमचं खातं कशी देणार?”

तिने वाचलं. शब्द तिचेच होते. अक्षर भाऊजींचं होतं.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे जिवाभावाचे दोस्त. दोघं एकाच दिवशी वीजखात्यात लागले. नवरा खांबावर चढायचा, भाऊजी उपकेंद्रात बसून लाइन बंद-चालू करायचे. नवरा हसून म्हणायचा, “माझा जीव त्याच्या मुठीत आहे. म्हणून तर रोज त्याच्या चहाचे पैसे मी देतो.”

तो खांबावरच गेला. तेव्हापासून भाऊजींच्या पायाला भिंगरी लागली होती. दवाखाना, दाखले, अर्ज, सगळीकडे तेच धावले. सख्खा दीर करणार नाही एवढं त्यांनी केलं. जबाब द्यायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही नुसतं बोला. लिहितो मी.” ती एवढंच बोलली होती, “काय सांगू भाऊजी, भर दुपारी आमच्यावर वीज कोसळली हो!” मग ते दाखवतील तिथे सही केली.

“साहेब, हे बोलण्यातलं झालं,” ती म्हणाली. “घरातलं माणूस गेलं की असंच बोलतात. त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी गच्चीवर गाद्या वाळत टाकल्या होत्या. त्यांना शॉक बसला. लाइन बंद आहे म्हणून ते वर चढले आणि कोणीतरी ती चालू केली.”

“पुरावा काय?”

“अहो, हे भाऊजी बसलेत ना शेजारी! तेच होते त्या दुपारी उपकेंद्रात. सांगा ना, भाऊजी.”

भाऊजींनी घसा खाकरला. टेबलाच्या काचेखाली दाबलेल्या कॅलेंडरवर त्यांची नजर खिळली होती.

“वहिनी,” ते म्हणाले, “आभाळ भरून आलं होतं.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा कागद ओढला. अक्षर कसं मोत्याच्या दाण्यासारखं. कुठे खाडाखोड नाही, एक वेलांटी चुकलेली नाही. फक्त ‘आमच्यावर’ हा शब्द त्यात नव्हता.

साहेब फाइलची नाडी बांधू लागले. “जबाब एकदाच घेतात, बाई.”

“मग माझा नका घेऊ. या माणसाचा घ्या,” ती म्हणाली. “वीज कोसळली नव्हती, साहेब. याने सोडली होती.”